चोरासाठी लावलेल्या तारा

होनोलुलूहून फोन आला तेव्हा कावेही काउपू शाळेची रिकामी बस मागे घेत होती. विसाव्या मैलाच्या पुढे मोलोकाई बेटाचा रस्ता असा आक्रसतो की समोरून हरीण आलं तरी दोघांपैकी एकाला माघार घ्यावी लागते. तिने बस तिथेच आडवी उभी केली आणि फोन कानाला लावला.

“कावेही काउपू ना? मी ओशिरो, लोककला मंडळातून. अभिनंदन! यंदाचा राज्याचा लोककलाकार सन्मान तुमच्या आजोबांना जाहीर झालाय.”

कावेहीने अशी किंकाळी फोडली की खालच्या खडकावर गळ टाकून बसलेला माणूस दचकून उठला. एकतीस वर्षांची बाई, बेटाच्या चाळीस पोरांना एका नजरेत गप्प करणारी, आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या बसल्या नाचत होती! तिच्या टूटूला, तिच्या आजोबांना, अंकल कोलोला सन्मान! साठ वर्षं हा माणूस लग्नांत वाजवत आला, बारशांत वाजवत आला, मयतांत वाजवत आला, आणि बदल्यात कोणी फार तर चार अकुले मासे पानात बांधून दिले. आता जाऊ दे म्हणावं सगळ्या बेटांवर त्याचं नाव!

“येत्या शनिवारी आम्हीच तिकडे येतोय,” मिस ओशिरो सांगत होती. “यंदापासून सन्मान कलाकाराच्या गावातच द्यायचा ठरलंय. आणि अर्जात तुम्ही लिहिलंय तसं, गुरू आणि शिष्या दोघांनी मिळून एक गाणं. ‘उलूचं गाणं’ ठेवूया?”

कावेहीचं नाचणं थांबलं.

“ठेवूया,” ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

अर्ज तिनेच भरला होता, तीन महिन्यांपूर्वी, टूटूला न सांगता. सगळे रकाने झरझर भरले आणि एका रकान्याशी अडली: ही कला आपण कोणाला शिकवली? तो रिकामा ठेवला तर अर्ज बाद. जी कला पुढे जात नाही तिला सन्मान नाही, असं खाली स्पष्ट छापलं होतं. तिने दोन दिवस विचार केला आणि लिहून टाकलं: नात कावेही हिला, वयाच्या नवव्या वर्षापासून.

खरं तर अंकल कोलोने आजवर कोणालाच शिकवलं नव्हतं. आमच्याकडे गिटारच्या तारा उतरवून, सैल करून वाजवतात, आणि कोणती तार किती उतरवायची ही प्रत्येक घराची आपली जुळणी असते. ती जिवापाड जपायची. काउपूंची जुळणी अंकल कोलोच्या आजोबांची, रँचवर गुरं राखता राखता बसवलेली. अंकल कोलो वाजवायला बसला की आधी लोकांकडे पाठ करायचा, पोटाशी गिटार धरून खुंट्या पिळायचा, आणि मग वळायचा. गाणं संपलं की टाळ्या थांबायच्या आत सगळ्या तारा सोडून द्यायचा. भल्याभल्यांनी डोकावून पाहिलं. कावेहीच्या बापाने तर पाया पडून मागितली होती. “कानांनी घे, डोळ्यांनी नको,” एवढंच उत्तर मिळालं. बाप रुसून लास व्हेगासला गेला तो तिथेच राहिला, आणि पोर आजोबांच्या पदरात पडली.

ती घरी पोहोचेपर्यंत बातमी तिच्या आधी पोहोचली होती. शेजारच्या अंटी लेइनाआलाकडे चर्चच्या हॉलची किल्ली असते. मंडळाने हॉल मागितला, तेव्हा सगळ्यात आधी तिलाच कळलं, आणि अंटीच्या पोटात बातमी राहणं म्हणजे चाळणीत पाणी राहणं. पडवीच्या पायरीवर कंबरेवर हात ठेवून ती उभी होती. अंकल कोलो आपला मासेमारीचा पाग मांडीवर पसरून जाळ्याची फाटलेली घरं विणत बसला होता. एक्याऐंशी वर्षांचा माणूस, पण सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवतो.

“कोलो, अरे, सन्मान मिळालाय तुला! राज्याचा!”

“कशाबद्दल?”

“वाजवण्याबद्दल!”

“मासे धरण्याबद्दल देत नाहीत का? ते मी जास्त चांगले धरतो.”

“ऐका याचं! अरे मेल्या, फोटो येईल पेपरात. तो शर्ट घालू नकोस फक्त.”

“या शर्टाला काय झालंय? उलूने घेतलेला आहे.”

“उलूला जाऊन एकोणीस वर्षं झाली, कोलो. शर्टालाही जाऊ दे आता.”

बायकोचं नाव निघालं तसा अंकल कोलो गालात हसला. त्याचे कान लाल झाले होते. त्याला आनंद झालाय हे कावेहीला लगेच कळलं, कारण तो एकच घर दुसऱ्यांदा विणत होता. तिला भरून आलं. आता सांगायचं की मग? मग कधी? तिने पायरीवर बसून घेतलं.

“टूटू, शनिवारी मलाही यायचंय वर. तुझ्याबरोबर.”

“ये की. काय करणार? टाळ्या?”

“वाजवणार.”

“काय?”

“गिटार.”

सुई थांबली. कावेहीने सगळं एका दमात सांगून टाकलं: अर्ज, रकाना, स्वतःचं नाव, नववं वर्ष. अंकल कोलोने पाग मांडीवरून उतरवला. त्याचा आवाज चढत नाही कधी, उलट खाली जातो, आणि तो असा खाली गेला की बेटावरची जुनी माणसं वाट सोडतात.

“माझ्याकडून शिकलीस? कधी? मी झोपेत शिकवलं का तुला?”

“नाही.”

“मग खोटं लिहिलंस. माझ्या नावावर.”

“थांब, थांब,” अंटी लेइनाआला मध्येच म्हणाली. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. “ही वाजवत नसेल, तर दुपारी कोण वाजवतं?”

“दुपारी कोण वाजवणार? दुपारी मी बांधावर असतो.”

हे खरं होतं. रोज जेवला की तो जुन्या मत्स्यतळ्याच्या बांधावर जायचा, लाटांनी सुटलेले दगड परत बसवायला.

“मी वीस वर्षं दुपारची खाटेवर पडून ऐकतेय!” अंटी म्हणाली. “कपडे वाळत घालताना ऐकतेय! मला वाटायचं कोलोच आहे. मी तर माझ्या बहिणीला सांगितलंय, सकाळचा कोलो बरा वाजवतो, पण दुपारचा कोलो जास्त चांगला.”

अंकल कोलोने नातीकडे पाहिलं. नातीने पायरीकडे.

“तू बांधावर गेलास की मी खिळ्यावरची गिटार काढायचे,” ती म्हणाली. “आधी सुट्टीच्या दिवशी. आता बसच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये. सकाळी तुझं ऐकायचं आणि दुपारी ते शोधायचं. खुंट्यांना कधी हात लावला नाही, टूटू, शपथ. तू जशी ठेवून जायचास तशीच वाजवायचे. लोकांसमोर तारा सोडत असशील, पण घरी खरीच लावून ठेवत असशील, असं वाटायचं. तुझी जुळणी मी बिघडवली नाही.”

“कशी ठेवून जायचो तशी?”

“हो.”

“खिळ्यावर असायची तशी?”

“हो, म्हणतेय ना!”

अंकल कोलो तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. कावेहीला वाटलं म्हातारा रडतोय, आणि ती धावली. पण तो हसत होता. हसता हसता त्याला खोकला आला, खुर्ची कलंडली, अंटीने त्याला दंडाला धरून सरळ बसवलं तरी हसणं थांबेना.

“ती... ती...” त्याला शब्द सुचेना. “ती चोराची आहे, पोरी!”

“काय चोराची?”

“जुळणी! मी खुळा होतो का, गिटार खरी लावून खिळ्यावर टांगायला? चौऱ्याहत्तर साली ट्यूनाच्या बोटीवरचा एक जण आला होता पडवीत. मी मागे पाणी आणायला गेलो, तर हा गिटार कानाला लावून बसलेला. त्या दिवसापासून वाजवून झालं की तारा सोडतो, आणि मग एक खोटी जुळणी लावून ठेवतो. रोज तीच. मुद्दाम अशी बसवली की जगातलं एकही गाणं तिच्यात बसू नये. दोन तारा वाजवीपेक्षा चढवलेल्या, मधली धुण्याच्या दोरीसारखी लोंबणारी. चोराने न्यावी आणि आयुष्यभर डोकं फोडावं!”

“आणि फोडलं कोणी?” अंटी लेइनाआला म्हणाली आणि तीही फसकन हसली. मग कावेहीचा चेहरा पाहून तिने तोंडावर हात ठेवला.

कावेही हसली नाही. बावीस वर्षं! बावीस वर्षं तिने बोटं ताणताणून, करंगळी मोडेपर्यंत त्या तारांवर गाणी बसवली होती. तिला वाटायचं, काउपूंची जुळणी अवघडच, म्हणून तर ती काउपूंची. कधीकधी रडू यायचं, की टूटूची बोटं इतकी सहज चालतात आणि आपली का नाही. आणि ती चोराची निघाली. घरातल्या पोरीला घरात राहून चोराचा वाटा मिळाला. तिला राग आला.

“उद्या त्या बाईला फोन कर,” डोळे पुसत अंकल कोलो म्हणाला. “खरं सांग. सन्मान गेला तर गेला. मी काय त्याच्यावाचून उपाशी होतो?”

“करीन,” कावेही म्हणाली. “पण आधी ऐक.”

“काय ऐकू? त्यात काही वाजत नाही. मी स्वतः करून पाहिलंय.”

“तू ऐक तर!”

तिने खिळ्यावरची गिटार काढली आणि खुंट्यांना हात न लावता ‘उलूचं गाणं’ धरलं. टूटूने ते आजीसाठी केलेलं, लग्नाआधी, तळ्याच्या बांधावरून ती कंदील घेऊन यायची त्याचं. आमच्याकडे ज्याच्या नावाचं गाणं असतं ते त्याच्या मालकीचं असतं, दुसऱ्याने परवानगीशिवाय तोंडात घ्यायचं नसतं. आजीने जाण्याच्या महिनाभर आधी कावेहीला जवळ बसवून म्हटलं होतं, तू घे. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

डाव्या हाताची करंगळी पार पलीकडच्या तारेपर्यंत गेली. लोंबणारी मधली तार तिने दाबलीच नाही. ती अंगठ्याने नुसती हलवायची आणि मोकळी सोडायची, त्यामुळे गाण्याखाली सगळा वेळ भरतीचं पाणी बांधाला लागल्यासारखा आवाज राहायचा. चढवलेल्या दोन तारांवर सूर उंच आणि कोवळा निघायचा. ही उलू टूटूच्या गाण्यातली नव्हती. टूटूच्या गाण्यात बांधावर उभा राहून वाट पाहणारा तरुण होता. हिच्यात कंदील घेऊन चालत येणारी मुलगी होती.

गाणं संपलं. अंटी लेइनाआला एप्रनने डोळे पुसत होती. अंकल कोलो हसत नव्हता. तो उठला, आत गेला, परत आला, तिच्या हातातून गिटार घेतली, टॉवेलात गुंडाळली आणि बांधाकडे चालायला लागला. पाग तिथेच पडला होता, सुईसकट.

“रागावला का गं?” अंटीने विचारलं.

“मला काय माहीत!” कावेही म्हणाली आणि आत जाऊन तिने भांडी इतक्या जोरात घासली की कढईचा कान निघाला.

मंगळवार गेला, बुधवार गेला. अंकल कोलो सकाळी उठायचा, टॉवेलातली गिटार काखेत मारायचा आणि बांधावर जाऊन बसायचा. परत आला की अळकुड्या कुटून केलेली पोई आणि मासे खायचा. कावेहीने दोनदा मिस ओशिरोचा नंबर लावला आणि दोनदा वाजायच्या आत बंद केला. सांगावं तर सन्मान जातो. न सांगावं तर शनिवारी सगळ्या गावासमोर टूटू सांगणार, आणि मग सन्मानही जातो आणि नाकही कापलं जातं. इकडे आड तिकडे विहीर! आणि गाव तर सगळं हरखून गेलेलं. बसमधली पोरं तिला पाहून हवेत गिटार वाजवायची. पोस्टातल्या माणसाने पत्र देताना टोपी काढली. अंटी लेइनाआलाने अख्खं चर्च कामाला लावलं होतं. डुक्कर कोण आणणार, नारळाच्या वड्या कोण करणार, हार कोण ओवणार. तीस हार हवेत, असं तिने जाहीर केलं, आणि कोणी कमी ओवले तर ती ते नाव प्रार्थनेत घेणार होती.

गुरुवारी जेवताना कावेहीने पान बाजूला सारलं.

“मी आज फोन करते, टूटू. मला झोप नाही येत.”

“नको करू.”

“मग?”

“शनिवारी मी बोलेन. जे खरं ते.” त्याने माशाचा काटा शांतपणे बाजूला काढला. “तुझी करंगळी दाखव.”

तिने दाखवली. वरच्या पेरापाशी ती बाहेरच्या बाजूला वाकलेली होती. त्याने ती दोन बोटांत धरून पाहिली.

“मला इतकी वर्षं वाटायचं बस चालवून वाकली.”

एवढंच बोलून त्याने परत जेवायला सुरुवात केली. माणसाने अशा म्हाताऱ्याचं काय करावं?

शनिवारी सकाळी दहा वाजता चर्चच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. खिडक्यांत माणसं, पायऱ्यांवर माणसं, बाहेर गाड्यांच्या टपावर पोरं. होनोलुलूहून छोट्या विमानाने मिस ओशिरो आली होती, आणि तिच्याबरोबर मंडळाची माणसं, पेपरवाले, शिवाय गिटारचे वेडे सात-आठ जण. ते पहिल्या रांगेत फोन सज्ज करून बसले होते. काउपूंची जुळणी निदान शिष्येकडून तरी दिसेल, या आशेने ते समुद्र ओलांडून आले होते. अंकल कोलोच्या गळ्यात इतके हार पडले की हनुवटी दिसेना. शर्ट तोच होता, पण इस्त्री केलेला.

कावेही त्याच्या शेजारी बसली होती. तिच्या मांडीवर अंटीच्या भाच्याकडून मागून आणलेली दुसरी गिटार होती. तिने ती चोराच्या जुळणीत लावली होती, दुसरी येतच नव्हती. तळहाताला इतका घाम होता की तिने तो तीनदा स्कर्टला पुसला.

मिस ओशिरोने सुंदर भाषण केलं. कोरलेला लाकडी वाडगा अंकल कोलोच्या हातात दिला. लोकांनी पाय आपटले, शिट्ट्या मारल्या. मग ती म्हणाली, “अंकल, दोन शब्द बोलाल? तुमच्या शिष्येबद्दल?”

अंकल कोलो उठला. त्याने दोन हार काढून खुर्चीवर ठेवले, म्हणजे तोंड दिसेल.

“अर्जात लिहिलंय की माझी नात माझ्याकडून शिकली,” तो म्हणाला. “ते खोटं आहे.”

मिस ओशिरोचं हसू ओठांवरच अडकलं. कावेहीने डोळे मिटून घेतले. मेले, तिला वाटलं. आता उघडले तर सगळे आपल्याकडे बघत असतील. तिने ते उघडलेच नाहीत.

“मी कोणालाच शिकवलं नाही. माझ्या आजोबांनीही मला शिकवलं नव्हतं. मी घराखाली, फळ्यांच्या फटीतून ऐकत पालथा पडायचो आणि चोरून शिकलो. तेव्हा मी ठरवलं, आपल्याकडेही एक चोर येईल, त्यालाच द्यायची. वाट बघत बसलो. पन्नास वर्षं! आणि दाराला खोटं कुलूप लावून ठेवलं.”

मग त्याने खिळ्याची, बोटीवरच्या माणसाची आणि धुण्याच्या दोरीची सगळी गोष्ट सांगितली. दुपारच्या कोलोपाशी आला तेव्हा अंटी लेइनाआला उभी राहून ओरडली, “मी म्हटलंच होतं, दुपारचा चांगला!” आणि हॉल हसून हसून फुटला. पहिल्या रांगेतले गिटारवेडेही पोट धरून हसले. कावेहीने एक डोळा उघडला.

“चोर घरातच होता,” अंकल कोलो म्हणाला. हसणं ओसरलं, कारण त्याचा आवाज खाली गेला होता. “काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालत होतो. ज्या तारांत काही वाजू नये म्हणून मी लावल्या, त्यांत हिने माझ्या उलूचं गाणं वाजवलं. मी तीन दिवस बांधावर बसून तसं वाजवून पाहिलं. नाही आलं मला. एक ओळसुद्धा नाही. मला, कोलो काउपूला! तेव्हा ही माझी शिष्या नाही. माझ्याकडून ही काही शिकलेली नाही. तुमचा सन्मान परत न्यायचा तर न्या. पण आधी ऐकून जा.”

तो खुर्चीवर बसला. गिटार उचलली. आणि साठ वर्षांच्या सवयीने त्याने लोकांकडे पाठ केली.

पुन्हा हशा झाला. “अरे कोलो, आता तरी!” कोणीतरी म्हणालं. पण तो वळला नाही. त्याने लाकडी वाडगा बाजूला ठेवला आणि पाठमोराच बोट हलवून कावेहीला खुणावलं.

“तिकडे काय बसलीस? या बाजूला ये.”

कावेही उठली. ती वळसा घालून गेली आणि त्याच्या गुडघ्यांसमोर जमिनीवरच बसली. लोकांना अंकल कोलोची पाठ दिसत होती, इस्त्रीच्या घडीसह. तिला त्याचे हात दिसत होते. आयुष्यात पहिल्यांदा.

त्याने पहिली खुंटी पिळली. हळू, तिला दिसेल अशी. तार उतरत उतरत एका जागी थांबली, आणि तिच्या अंगावर काटा आला, कारण ही जागा तिला ठाऊक होती. कानाने बावीस वर्षं ठाऊक होती. दुसरी. तिसरी. प्रत्येक वेळी तो तिच्याकडे बघायचा आणि ती मान हलवायची. सहावी लागली तेव्हा ती रडत होती आणि तोंडभर हसतही होती, आणि त्याने खाली वाकून तिच्या कानात म्हटलं, “रड नंतर. आता वाजव, नाहीतर अंटी भाषण करील.”

ते वळले. त्याने गाणं सुरू केलं, बांधावर उभा राहून वाट पाहणारं. तिने दुसऱ्या ओळीला आपलं धरलं, कंदील घेऊन येणारं. पहिल्या दोन-चार सुरांतच हॉलमधल्या जाणत्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. त्याच्या गाण्यात जिथे जागा रिकाम्या होत्या, आणि त्या साठ वर्षं रिकाम्याच होत्या, नेमक्या तिथे तिचे सूर येऊन बसत होते. त्याचा खर्ज थांबला की तिची लोंबती तार बोलायची. चोराला चकवण्यासाठी लावलेल्या जुळणीत, नकळत, त्याने आपल्या जुळणीची दुसरी बाजू लावून ठेवली होती. ते अंकल कोलोच्या लक्षात आलं, आणि वाजवता वाजवता तो मोठ्याने ‘हो!’ म्हणून ओरडला. एक्याऐंशी वर्षांचा माणूस!

मग काय विचारता! अंटी लेइनाआला खुर्ची ढकलून उठली आणि हुला नाचायला लागली, तिच्या मागोमाग तिची बहीण, मग सगळ्या बायका. गाणं एकदा संपलं तसं लोकांनी संपू दिलं नाही. तीनदा वाजवायला लावलं. तिसऱ्यांदा मिस ओशिरो चपला काढून नाचत होती. पेपरवाल्याचे फोटो हलले ते त्यामुळेच.

शेवटचा सूर विरला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. अंकल कोलोचा हात आपोआप खुंट्यांकडे गेला. बोटांनी पहिली खुंटी धरलीही. मग ती सुटली. त्याने गिटार तशीच, लागलेली, तारा ताठ असलेली, कावेहीच्या हातात दिली.

सगळ्या हॉलने ते पाहिलं. मग पहिली रांग उसळली. सात-आठ फोन, सात-आठ हात: “जरा इकडे धरा ना!”, “एकदा नुसती छेडा!”, “एकच फोटो, खुंट्यांचा!”

कावेहीने आपली गिटार खुर्चीवर ठेवली. टूटूची गिटार कानाला लावली आणि सहा तारा एकेक करून, फक्त स्वतःला ऐकू येतील इतक्या हळू, छेडल्या. मग तिने गर्रकन लोकांकडे पाठ फिरवली आणि सहाच्या सहा खुंट्या सोडून दिल्या.

“अरेरेरे!” हॉलभर उसासा फुटला, आणि त्यापाठोपाठ असा हशा की छपराखालची पाखरं उडाली. एक गिटारवेडा डोक्याला हात लावून मटकन खाली बसला. चोरावर मोर, असं कोणीतरी म्हणालं.

अंकल कोलोने मिस ओशिरोला हाक मारली. “पोरी, तो अर्ज आणलायस का? आण इकडे. आता नातीचं नाव पुन्हा लिही त्या रकान्यात. आता खरं आहे.”

मग तो नातीकडे वाकला. ती अजून पाठमोरीच होती, आणि तिची वाकडी करंगळी खुंट्यांवर घुटमळत होती.

“सोडल्यास ते बरं केलंस. आता चोराची लाव की. टांगायची आहे ना खिळ्यावर.”

“तीच तर अडचण आहे, टूटू,” कावेही म्हणाली. “ती माझी आहे. चोरासाठी आपल्याला नवीन शोधावी लागेल.”